एक फुली कमी

पोलादपूरच्या डोंगरात माणसाला दुखतं म्हणजे नेमकं काय होतं, हे समजायला माझं मुंबईचं शिक्षण फारसं कामी आलं नाही. कॉलेजात 'वेदना' हा एकच शब्द होता. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात तीन मिळाले: चमक, कळ आणि उसण. चमक येते आणि जाते. कळ एका जागेहून निघते आणि भलतीकडे पोचते. उसण मात्र भरते, आणि भरली की माणूस जिथल्या तिथं अडकतो. बाई चुलीपाशी वाकली असेल तर वाकलेलीच राहते. पेशंट यातला कुठला शब्द वापरतो ते नीट ऐकलं तर निम्मी तपासणी तिथंच होते. हे ध्यानात यायला मला दोन वर्षं लागली.

मी फिजिओथेरपिस्ट. आता हा शब्द तालुक्याच्या गावातही पाट्यांवर दिसतो. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमारास मी शिकून महाडला परत आले, तेव्हा तो उच्चारतानाच लोकांची बोबडी वळायची. आमचं घर चवदार तळ्यापासून पाच मिनिटांवर. आळीतल्या बायका आईला विचारायच्या, "म्हणजे पोरगी मालिश करते का गो?" आई म्हणायची, "व्यायाम शिकवते." वडील कोर्टात कारकून, त्यांना नेमकेपणाची खोड. ते आतून ओरडून सांगायचे, "दुखण्याचं मूळ शोधून काढते म्हणावं!" तिघांत वडीलच बरोबर होते.

नोकरी मिळाली ती एका सर्जनच्या बारा खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात. डॉक्टर पन्नाशीचे, देशावरून येऊन महाडात मुरलेले, बोलायला फटकळ आणि हाताला अतिशय हळुवार. मला ते 'मॅडम' म्हणायचे, आणि त्यात थट्टाच जास्त असायची. दर गुरुवारी त्यांची जुनी फियाट आम्हाला पोलादपूरला न्यायची. तिथं एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्यांचा दवाखाना होता. जवळच्या कापडे गावाहून, त्याच्या वरच्या वाड्यांवरून माणसं सकाळीच येऊन पडवीत बसलेली असायची.

आमचं काम सांगायला सोपं आहे. स्नायू म्हणजे दोऱ्यांची जुडी. रोज हंडे, भारे वाहून, दिवस दिवस वाकून लावणी करून त्यातले चार दोरे आखडतात आणि मोकळे व्हायचंच विसरतात. तिथं कुळथाच्या दाण्याएवढी गाठ होते. गंमत अशी की दुखतं ते तिथं नाही. खांद्यामागच्या फऱ्यातली गाठ दंडात दुखते, मानेतली कपाळात. पेशंट दंड चोळत येतो आणि मी त्याच्या पाठीला हात लावते, तेव्हा तो माझ्याकडे संशयानं बघतो. मग बोट नेमकं गाठीवर पडतं आणि तो ओरडतो, "हांऽऽ, तीच ती!" तो 'हांऽऽ' ऐकण्यासाठी मी तीस वर्षं नोकरी केली असं म्हटलं तरी चालेल.

गाठ सापडली की मी तिथं जांभळ्या औषधात बुडवलेल्या काडीनं एक फुली काढायची. त्या फुलीवर डॉक्टर इंजेक्शन द्यायचे, जागा बधिर करणाऱ्या औषधाचं. सुई टोचायचा अधिकार माझा नव्हता. बोट माझं, सुई त्यांची. ते फुलीशिवाय टोचत नसत आणि फुलीवर शंका घेत नसत.

एका पावसाळ्यात रस्ता बंद होऊन औषध संपलं. समोर मान वाकडी झालेला एक शेतकरी बसला होता. तो पहाटेपासून चालत आलेला, त्याला परत कसं पाठवायचं? डॉक्टर म्हणाले, "नुसती सुई लावून बघतो. फायदा नाही झाला तर नाही." सुई फुलीवर गेली, आणि डोळा लवतो तसा तो स्नायू कातडीखाली एकदा लवला. दोन मिनिटांत त्या गृहस्थानं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. डॉक्टर हातातल्या रिकाम्या सिरिंजकडे बघत बसले. त्या दिवशी आणखी पाच जणांना नुसती सुई लावली, त्यातल्या चौघांना उतार पडला. इतकी वर्षं औषधाला दिलेलं श्रेय निम्मंअधिक सुईचं होतं. पुढे डॉक्टरांच्या वाचनात आलं की बाहेरदेशीही काही जण असंच करू लागलेत. 'ड्राय नीडलिंग' हे नाव आमच्यापर्यंत पोचायला खूप वर्षं गेली. आम्ही आपलं कोरडी सुई म्हणायचो.

तेव्हाच्या सुया पोलादाच्या, पुन्हापुन्हा वापरायच्या. बुधवारी दुपारी मी त्या उकळून ठेवायची. त्याआधी प्रत्येक सुईचं टोक कापसावरून ओढून बघायचं. कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी टोक मुडपलेलं, ती सुई बाद. हे काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. आजही घरात साधी शिवायची सुई हातात आली तरी मी ती कापसावरून ओढते, आणि भाची हसते.

कोरड्या सुईचा खरा त्रास वेगळाच होता. आमच्या भागात सुई म्हणजे औषध, आणि औषध सिरिंजमध्ये दिसायला हवं, शक्यतो लाल. मुंबईच्या गिरणीतून गणपतीला गावी आलेला एक गृहस्थ पालथा झोपलेला ताडकन उठून बसला. "डॉक्टरसाब, सुई खाली हाय! अंदर दवाई कुठं हाय? ही तर चीटिंग झाली!" डॉक्टरांनी त्याला समजावलं, मी समजावलं, बाहेरच्या म्हाताऱ्यांनीसुद्धा समजावलं. तो शर्ट चढवून निघाला. दारात चप्पल घालायला वाकला आणि तिथंच अडकला. त्याला तसाच उचलून आत आणला, मग त्यानं सुई खाली की भरलेली हे विचारलं नाही.

तो गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "मॅडम, थोडं लाल पाणी भरत जाऊ या. विश्वासही औषधच असतो."

मी म्हटलं, "नको. माझ्या पेशंटशी मी खोटं बोलणार नाही."

तेव्हा मी पंचविशीची होते आणि असली वाक्यं मला सहज यायची. डॉक्टरांनी हात जोडले. तेव्हापासून प्रत्येक पेशंटला मी आधी सांगायची, सुई रिकामी आहे, काम सुईच करते. काही जण त्यामुळे परत गेले. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आणि एवढं सगळं शास्त्र सांगून पोलादपुरात माझं नाव कशानं झालं, तर माझ्या पायानं.

मी जन्मले ती पायांकडून. आमच्याकडे अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण उतरते असा ठाम समज आहे. हे आईनं कुणापाशी तरी बोलून टाकलं असणार. एका गुरुवारी कापड्याच्या वरच्या वाडीतली एक आजी आली, कमरेत काटकोनात वाकलेली. घामाघूम झाली होती म्हणून मी माझ्या तांब्यातलं पाणी पुढे केलं. तिनं तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझं आडनाव तिला ठाऊक असावं. "नको गो. तान नाय."

मी तांब्या ठेवला. सवयीची गोष्ट होती. तिला टेबलावर घ्यायला गेले तर ती हलेना. खालमानेनं म्हणाली, "तू पायाळू हायस ना गो?"

"आहे. पण आजी, इथं आपण सुई—"

"सुई मागनं मार. आदी लाथ मार."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी तोंड फिरवून घेतलं होतं आणि खांदे हलत होते. "मारा मॅडम," ते म्हणाले, "आधी लाथ, मग फुली." मी चप्पल काढली आणि उजवा पाय आजीच्या कमरेला हलकेच टेकवला. तिनं समाधानानं डोळे मिटले. मग तिला टेबलावर घेतलं, तीन फुल्या, तीन सुया. आजी उठली ती सरळ. जाताना माझ्या पावलांना हात लावायला वाकू लागली तेव्हा मी मागे सरले, नाहीतर पुन्हा अडकली असती.

घरी येऊन सांगितलं. आई हसून हसून बेजार. वडील हसले नाहीत. बराच वेळ पेपर वाचत राहिले आणि मग म्हणाले, "हातचं पाणी नको, पायाची लाथ पाहिजे. यासाठी तुला मुंबईला शिकवली." पुढच्या गुरुवारी पडवीत दुप्पट माणसं. आत येणारा प्रत्येक जण आधी माझ्या पायांकडे बघायचा. आजी पुढे वर्षभर येत होती. तिसऱ्या खेपेला तिनं स्वतःहून तांब्याला हात घातला आणि घटाघटा पाणी प्यायली. 

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. इतका वेळ टाळत होते.

कापड्याच्या शाळेत एक गुरुजी होते. नाव लिहीत नाही, गुरुजीच म्हणते. तिशीचे, आमच्याच समाजातले, मूळचे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे. बांधावरून पाय घसरून उजव्या हातावर पडले होते. हाड मोडलं नव्हतं, पण त्याला आठ महिने होऊन गेले तरी हात छातीच्या वर जाईना. पहिल्या दिवशी मी विचारलं, "कुठलं काम अडतं?"

"फळा," ते म्हणाले. "खालच्या अर्ध्यातच लिहितो. मागची पोरं उभी राहून वाचतात. भारताचा नकाशा काढला की हिमालय सातवीतल्या एका उंच मुलीला काढायला सांगतो. ती दर वेळी तो थोडा वेगळा काढते."

मी हसले. पेशंटसमोर मी सहसा हसत नसे.

त्यांना चित्रांचा नाद होता. सुट्ट्यांमध्ये जाऊन चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या. नंबर लागेपर्यंत पडवीत बसून ते डाव्या हातानं समोरच्या माणसांची चित्रं काढायचे, वहीच्या मागच्या पानांवर. एकदा मला दाखवलं. रांगेतल्या म्हाताऱ्याचं चित्र होतं, आणि त्याचा दुखरा खांदा कुठला ते बघताक्षणी कळत होतं. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "तुम्ही बोटानं बघता, मी डोळ्यानं. तुमचं चुकत नाय, माझं चुकतं."

त्या भागात मला लहानथोर सगळे 'ताई' म्हणायचे. माझ्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा. गुरुजींनी मला एकदाही ताई म्हटलं नाही. त्यांची नुसती हाक यायची, "अहो, जरा हळू." पहिल्या दोन गुरुवारी माझ्या ते लक्षात आलं नाही. तिसऱ्या गुरुवारी आलं. मग मी बुधवारी सुया उकळताना उद्या कुठली साडी नेसायची याचा विचार करू लागले, आणि स्वतःवरच चिडले.

हात सुधारत होता. छातीवरून खांद्याशी आला. चौथ्या गुरुवारी मी त्यांची काख तपासत होते. फऱ्याच्या आतल्या बाजूला, बरगड्यांना लागून एक स्नायू असतो. तो वरून हाताला लागत नाही. हात बाजूला धरून काखेतून बोट आत सरकवलं तरच लागतो, म्हणून तो तपासायचा राहून जातो. माझं बोट त्यावरून गेलं आणि थांबलं. गाठ तिथं होती. चांगली घट्ट, जुनी. गुरुजींनी श्वास रोखला. ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत.

मला तेव्हाच कळलं. पाठीमागच्या गाठी दुय्यम होत्या, मूळ हे होतं. ही सुटली की हात सरळ कानाला लागणार. आणि हात कानाला लागला की गुरुजींना पोलादपूरला यायचं कारण उरणार नाही. आमच्या पेशात बरा झालेला पेशंट परत येत नाही. आला तर आपलं काहीतरी चुकलं असं समजायचं.

मी बोट काढून घेतलं. पाठीवर तीन फुल्या काढल्या. काखेत काढली नाही.

डॉक्टरांनी तीन सुया लावल्या. माझ्या फुल्यांवर ते शंका घेत नसत हे वर लिहिलंच आहे. मी मनाशी म्हटलं, जागा फुफ्फुसाजवळची आहे, आज गर्दी आहे, डॉक्टर दमलेत, अशी सुई घाईत नको. हे सगळं खरं होतं. पुढच्या गुरुवारी गर्दी नव्हती. डॉक्टर ताजेतवाने होते, गाणं गुणगुणत होते. त्याही दिवशी माझं बोट त्या गाठीवर गेलं, आणि त्याही दिवशी मी फुली काढली नाही. पहिल्या वेळेला काही ना काही सबब होती. दुसऱ्या वेळेला एकच कारण होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

त्या दिवशी निघताना गुरुजींनी विचारलं, "अजून किती दिवस लागतील?"

"बघू," मी म्हटलं. "दोन-तीन गुरुवार."

ते काहीतरी बोलणार होते. मग मान हलवली आणि गेले.

त्यापुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. मी दर दहा मिनिटांनी पडवीत डोकावत होते. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "मॅडम, कुणी यायचंय का?"

आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी आले. दुपारी, सगळे गेल्यावर, शेवटचे. दाढी वाढलेली. मी काही विचारलं नाही. हात बाजूला धरला, बोट आत सरकवलं आणि या वेळी फुली काढली. डॉक्टर वाकून बघू लागले. "इथं?"

"इथंच."

त्यांनी बराच वेळ घेतला. लांब सुई काढली, बरगडीचा अंदाज बोटानं पुन्हापुन्हा घेतला, तिरपी धरली आणि हळू आत नेली. स्नायू असा लवला की गुरुजींचं अख्खं अंग हललं. सुई काढून मी म्हटलं, "उचला." हात वर गेला. खांदा, कान, आणि कानावरून सरळ. गुरुजी आपल्याच हाताकडे मान वर करून बघत राहिले.

मग त्यांनी हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. चित्र काढणारा माणूस, त्याला नीट जाणून घ्यायचं होतं, इतकंच.

"ही गाठ नवी होती का?"

डॉक्टर सुई पुसत होते. त्यांचा हात थांबला. इतकी खोल, इतकी घट्ट गाठ पंधरवड्यात होत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"हो," मी म्हटलं. "नवी होती."

 डॉक्टर एक पेशंट घरी जाऊन बघायचाय म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. महाडला परतताना ते मला घ्यायला येणार होते, तोवर तासभर होता. गुरुजींची एसटी यायलाही वेळ होता. पडवीतल्या बाकावर एका टोकाला ते बसले, दुसऱ्या टोकाला मी, सुयांचा ट्रे मांडीवर घेऊन.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. महाडच्या एका शाळेत चित्रकला शिक्षकाची जागा निघाली होती. आधीच्या गुरुवारी ते आले नाहीत ते म्हणून, मुलाखत होती. मुलाखतीत उभं राहून मोठ्या फळ्यावर खडूनं चित्र काढायचं होतं. विषय होता, बाजाराचा दिवस.

"माणसं चांगली आली," ते म्हणाले. "टोपल्या, बैलगाड्या, समदं आलं. खालच्या अर्ध्यात. एक परीक्षक म्हणाले, मास्तर, वरचा फळा कुणासाठी राखलात? सगळे हसले. मी पण हसलो. डाव्या हातानं काढायला गेलो तर ते म्हणाले, नको, शिकवताना डाव्या हातानं लिहिणार का?" मग म्हणाले, "आभाळ काढायचं राहिलं."

 मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत? मुलाखत आहे म्हणून?"

"सांगणार होतो. त्या दिवशी निघताना तोंडावर आलं होतं. पण म्हटलं, सांगितलं तर तुम्ही घाई कराल. तुमच्या कामात घाई नको."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो घाटाच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो.

मग ते म्हणाले, आणि हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, "महाडात जागा मिळाली असती तर माझ्या काकांना घेऊन तुमच्या वडिलांना भेटायला येणार होतो. कापड्याला राहणाऱ्या माणसानं कुठल्या तोंडानं यायचं? तुमचं काम महाडातलं. कापड्यात तुम्ही करणार काय?"

एवढंच. आता लिहितानाही त्यांचा तो आवाज मला जसाच्या तसा ऐकू येतो. मी तेव्हा 'या' म्हणू शकले असते. कापडं काही लंकेत नव्हतं. एसटी होती, गुरुवारचा दवाखाना तर तिथून जवळच पडला असता. वडिलांनी दोन दिवस तोंड फुगवलं असतं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच काकांना पत्र लिहिलं असतं. शब्द एकच होता, एका अक्षराचा. पण तो बोलण्याआधी मला काखेतली गाठ सांगावी लागली असती. ती न सांगता या माणसाच्या घरात जायचं आणि रोज त्याच्या त्या उजव्या हाताला वाढायचं, हे माझ्याच्यानं झालं नसतं. आणि सांगायचं धाडस झालं नाही. लाल पाणी भरायला नको म्हणणारी मी. माझ्या तोंडून निघालं ते असं:

"पुन्हा जागा निघेल."

"निघेल," ते म्हणाले.

एसटी आली. त्यांनी दारावरच्या दांड्याला धरायला उजवा हात उचलला, सवयीनं मध्येच थांबवला, मग आठवण होऊन सरळ वर नेला. वळून म्हणाले, "जय भीम." माझ्या हातात सुयांचा ट्रे होता. तो खाली ठेवून हात जोडेपर्यंत गाडी सुटली होती.

पुन्हा जागा निघाली नाही असं नाही, पण त्याआधीच त्यांनी बदली मागून घेतली, आईजवळ, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. वर्षभरात लग्न झाल्याचं कळलं. मला स्थळं आली, मी नकार देत गेले. कामाचा व्याप आहे असं सांगायची. ते खोटं नव्हतं, आणि सगळं खरंही नव्हतं.

डॉक्टरांनी त्या दिवसाविषयी मला कधी विचारलं नाही. फक्त परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाले होते, "मॅडम, आपल्या कामात एवढं एक वाईट आहे. माणूस बरा करायचा आणि जाऊ द्यायचा." मी काचेतून बाहेर बघत होते. ते आता नाहीत. असते तर हा मजकूर आधी त्यांना वाचून दाखवला असता. त्या फुल्यांवर त्यांनी माझ्या भरवशावर सुया लावल्या होत्या, हे मी त्यांना सांगायला हवं होतं.

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं मी काम केलं. एकही गाठ सोडली नाही. मी फार कसून तपासते, वेळ लावते, अशी तक्रारच असायची. काख तर मी मनगट दुखणाऱ्याचीही तपासायची. नव्या मुली हसायच्या, बाईंना काखेचं वेड आहे म्हणायच्या. आता बोटांची टोकं बधिरली आहेत, कुळथाचा दाणा सोडाच, वालाचा दाणाही कापडाखाली कळत नाही. गुरुवार उजाडला की अजून लवकर जाग येते. आंघोळ होते, साडी नेसून होते, आणि मग लक्षात येतं की आपल्याला कुठंही जायचं नाही. पंचविशीतली ती पडवी, पावसात ओले झालेले ते बाक, वहीच्या मागच्या पानावर चाललेली पेन्सिल, यासाठी जीव कासावीस होतो. या वयात असं लिहायला लाज वाटायला हवी. वाटत नाही.

परवा एक मुलगी भेटायला आली होती, जिल्ह्याच्या त्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत शिकलेली, इथं नोकरीला लागलेली. बोलता बोलता म्हणाली, आमचे रिटायर झालेले, फळाभर चित्रं काढणारे एक सर आहेत, दिवाळी अंक आले की एकेक ओळ वाचतात. त्यांचं नाव विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं. तिनं सांगितलं. दिवाळी अंकासाठी माझ्या आठवणी मागणाऱ्या संपादकांना मी होकार कळवला तो त्याच संध्याकाळी.

गुरुजी, ती गाठ नवी नव्हती.